नव्या डिस्कला तेल

मुलांनो, गेल्या रविवारी फोनवर तुमच्यातल्या थोरलीनं मला सांगितलं की तिनं आपल्या पिकअपच्या पुढच्या ब्रेकच्या डिस्क स्वतःच बदलल्या. घरापुढचा बर्फ फावड्यानं बाजूला सारून, जमिनीवर पुठ्ठा अंथरून. मग म्हणाली, "आजी, आजोबापण हे स्वतःच करायचे ना गं? बाबा सांगतात." मी हो म्हटलं, आणि हातमोजे घातले होतेस का असं विचारून विषय बदलला.

फोन ठेवल्यावर मी वही काढली. आजोबांना विसरायला कधीपासून व्हायला लागलं, हे तुम्ही तिघांनीही मला कधी ना कधी विचारलं आहे, आणि प्रत्येक वेळी मी "हळूहळू" एवढंच म्हटलं आहे. ते खोटं नाही. पण हळूहळू होत असलेली गोष्ट आम्हाला कळली ती एका दिवशी, आणि तो दिवस या ब्रेकच्या कामातूनच आला. तुम्ही आता मोठी आहात. तुम्हाला मराठी वाचता येतं, सावकाश का होईना. आणि मला अजून नीट लिहिता येतं आहे. म्हणून लिहिते. आधी काय झालं, मग काय झालं, असंच लिहीन. आयुष्यभर मुलांना निबंध तसेच लिहायला शिकवले, दुसरं काही जमणार नाही.

तुमचे आजोबा पिंपरीकडच्या एका कारखान्यात फिटर होते. तो कारखाना बंद पडल्यावर ते भोरला परत आले आणि त्यांनी एक पिकअप घेतली. मी इथल्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. घरात तिसरी व्यक्ती म्हणजे त्यांची थोरली बहीण, तुमच्या बाबांची आत्या. वेल्ह्याकडच्या एका गावात दिलेली, लवकर विधवा झालेली, मूलबाळ नसलेली. आजोबा त्यांना अक्का म्हणायचे आणि मी वन्सं. वयानं त्या आजोबांपेक्षा इतक्या मोठ्या होत्या की लहानपणी त्यांनीच आजोबांना कडेवर घेऊन वाढवलं होतं. साठीच्या भावालाही त्या "जेवलास का रं" असं विचारायच्या, आणि तो "जेवलो" म्हणाला तरी ताटात काय काय होतं ते विचारायच्या.

पिकअपवर आजोबा मिळेल तो माल न्यायचे. उत्रोलीचं भात, भाटघरकडून भाजी, कापूरहोळहून वेल्ह्याच्या दुकानांना किराणा. लग्नसराईत वऱ्हाडाची भांडी आणि कधी कधी वऱ्हाडसुद्धा. आमच्याकडचे रस्ते सगळे चढउताराचे, आणि पावसाळ्यात शेतातला चिखल चाकांबरोबर रस्त्यावर येतो. त्यामुळे ब्रेक लवकर झिजायचे. डिस्कच्या, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी चकतीच्या, कडेला नखाला लागेल एवढी धार यायची, आणि उतारावर ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरायचं. मग आजोबा म्हणायचे, "चला, आता बदलू या."

ते काम त्यांनी कधी गॅरेजला दिलं नाही. कापूरहोळला हमरस्त्यावर गॅरेजची रांग होती, ओळखीचेही होते. पण ज्या गाडीवर माणसं बसवायची तिचा ब्रेक आपल्या हातानं बसवलेला असावा, असं त्यांचं मत होतं. पहिल्यांदा केलं तेव्हा गाडीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक मी त्यांना वाचून दाखवत होते. एकेक वाक्य वाचायचं, मराठीत सांगायचं. दोन पानं झाल्यावर ते गाडीखालून म्हणाले, "हे लिहिणाऱ्यानं चिखलातली गाडी कधी उचललेली नाही. ठेव ते." मी पुस्तक ठेवलं.

त्यांची कामाची रीत ठरलेली होती. शेडमध्ये गाडी घ्यायची, मागच्या चाकांना दगड लावायचे. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करायचे, मग जॅक लावायचा, आणि जॅकवर विश्वास न ठेवता खाली लाकडाचा ओंडका सारायचा. चाक काढलं की कॅलिपर सोडवायचा. ब्रेकचे दोन पॅड ज्याच्यात बसतात आणि डिस्कला चिमटीत धरतात तो भाग म्हणजे कॅलिपर. तो ते कधी लोंबकळत ठेवायचे नाहीत. त्याच्या नळीला ताण बसू नये म्हणून सुतळीनं वर बांधायचे, वासराला दाव्याला बांधावं तसा. मग जुनी डिस्क काढायची. नवी डिस्क येते ती गंजू नये म्हणून तेलकट लेप देऊन. तो लेप पेट्रोलमध्ये भिजवलेल्या फडक्यानं दोन्ही बाजूंनी पुसायचा, फडकं काळं यायचं थांबेपर्यंत. मग नवं फडकं घ्यायचं आणि पुन्हा पुसायचं. तेलाचा अंश राहिला तरी पॅडची पकड सुटते, म्हणून त्यानंतर त्या डिस्कच्या तोंडाला ते स्वतःचं बोटही लागू द्यायचे नाहीत. कडांना धरायचे, वाढलेलं ताट उचलावं तसं.

शेवटी माझं काम असायचं. मी ड्रायव्हरच्या जागी बसून ब्रेक दाबायचा आणि त्यांनी खालून नळीतली हवा काढायची. ते ओरडायचे, "मास्तरीणबाई, हजेरी!" मी म्हणायची, "हजर."

"दाब."

"दाबला."

"धर."

"धरला."

"सोड. पास."

शेजारच्या काकू एकदा कुंपणावरून म्हणाल्या, "काय बाई तरी, नवऱ्याला गाडीखाली घातलंय आणि वरून पाय आपटताय!" त्यावर आजोबा खालून म्हणाले, "सवय आहे मला, वहिनी." आमच्या संसारातल्या हसण्याच्या जागा फार नव्हत्या असं नाही, पण ही मला सगळ्यांत आवडती होती.

आता त्या वर्षाकडे येते. दोन हजार साल उलटून थोडी वर्षं झाली होती. आजोबांच्या काही गोष्टी मला खटकू लागल्या होत्या. कापूरहोळहून ब्रेकचे पॅड आणले आणि आठवड्यानं पुन्हा तेच पॅड घेऊन आले. पहिले कपाटात तसेच होते. एकदा नसरापूरला माल उतरवायचा तो तसाच घेऊन घरी आले आणि म्हणाले, दुकान बंद होतं. दुकानदाराचा फोन आला, दुकान उघडंच होतं. मी वन्संना म्हटलं, "हे अलीकडं फार विसरतायत." त्या म्हणाल्या, "लहानपनीपन चपला दुसऱ्याच्या घालून यायचा. तुला आज कळतंय व्हय?" पण निवडून झालेले तांदूळ त्या पुन्हा सुपात घेऊन निवडू लागल्या. त्यांनाही दिसत होतं.

आजोबांनाही दिसत होतं. आम्हा तिघांना एकच गोष्ट जाणून घ्यायची होती, की हा विसर साधा वयाचा आहे की दुसरा काही. आणि तिघांपैकी कुणीच ते तोंडानं विचारत नव्हतं.

नवरात्रात त्यांनी नव्या डिस्क आणल्या. खंडेनवमीला आमच्याकडे घरातलं सगळं लोखंड पूजेला मांडतात. विळे, कोयता, कुदळ, पहार, आजोबांचे पाने आणि हातोडे. धुऊन, पुसून, ओळीनं पाटावर. त्या दिवशी त्याला कामाला लावायचं नाही. वन्संची आणखी एक रीत होती, ती त्यांच्या सासरची. घरात कोरं लोखंड आलं की त्याला आधी तेल द्यायचं, मगच ते वापरायला काढायचं. "कोऱ्या लोखंडाला तहान असती," असं त्या म्हणायच्या. नवा विळा आला तरी त्याला तेल, नवी किसणी आली तरी तिला तेल. तेलही साधं नाही. वेल्ह्याकडच्या त्यांच्या दिराकडून येणारं कारळ्याचं घाण्यावरचं तेल, जे आम्हाला जेवणातही त्या मोजून वाढायच्या.

त्या वर्षी पाटावर दोन नव्या डिस्क होत्या, ताटांएवढ्या, चकचकीत. आपल्या भावाच्या गाडीच्या, म्हणजे त्याच्या जिवाशी संबंध असलेल्या. वन्संनी त्यांना नुसतं बोटभर तेल लावलं नाही. मांडीवर घेऊन दोन्ही अंगांनी चोळून चोळून लावलं, बाळाला लावतात तसं. वर हळदीकुंकवाची बोटं, झेंडूचं फूल. आजोबांनी येऊन नमस्कार केला. मीही केला. त्यात काही बिघडलेलं नव्हतं. नवी डिस्क तेलकटच असते, आणि ती पेट्रोलनं पुसल्याशिवाय ते कधीच बसवत नव्हते.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तेव्हा ते शेडमध्ये होते. एक चाक चढलेलं होतं. दुसऱ्या बाजूचीही डिस्क आणि कॅलिपर बसवून झाले होते, आणि तिथं ते पाटावर बसले होते, हातात पाना घेऊन. काम करत नव्हते, विश्रांतीही घेत नव्हते. नुसते चाकाकडे बघत होते. मी पिशवी खाली ठेवून म्हटलं, "हवा काढायची ना?"

ते म्हणाले, "हो, हो. हवा."

मी गाडीत जाऊन बसले. हजेरी घेतील म्हणून थांबले. त्यांनी घेतली नाही. "दाब" म्हणाले, मी दाबला. काम झालं. अंगणात गाडी पुढेमागे करून पाहिली, ती थांबली. हळू असलेली गाडी कशीही थांबते.

दोन दिवसांनी वन्संना वेल्ह्याकडे त्यांच्या वाट्याच्या भाताची कापणी बघायला जायचं होतं. मला सुट्टी होती, म्हणून मीही निघाले. तिघं पुढे बसलो, वन्सं मधे. कापूरहोळला वेल्ह्याच्या दुकानाचा किराणा भरला. तिथवर येताना एकदोनदा ब्रेक हवा तसा लागत नव्हता हे मलाही जाणवलं होतं. ते म्हणाले, "नवे आहेत. बसायला थोडा वेळ लागतो." ते खरंच आहे, नवे पॅड डिस्कला बसायला वेळ घेतात. तुमच्या थोरलीलाही हे माहीत असेल.

नसरापूर मागे पडलं. भात पिवळं झालं होतं, काही खाचरांत कापून आडवं घातलं होतं. पुढे एका ओढ्याकडे लांब उतार आहे, खाली वळण आणि ओढ्यावरची अरुंद मोरी. उतार लागल्यावर त्यांनी ब्रेक दाबला. गाडीचा वेग कमी झाला नाही. त्यांनी पुन्हा दाबला. मी त्यांच्या पायाकडे बघत होते. पाय पूर्ण जोरात होता आणि पायाखाली पेडल घट्टही होतं, म्हणजे हवा नव्हती. पण गाडी चाललीच होती, मागच्या मालासकट. त्यांनी गिअर खाली टाकला. इंजिन किंचाळलं. हँडब्रेक ओढला. मोरीपाशी समोरून बैल घेऊन एक माणूस येत होता. तेव्हा तुमच्या आजोबांनी डावीकडे बांधाचा सखल भाग बघून गाडी खाचरात घातली.

गाडी उभ्या भातातून बरीच पुढे गेली आणि चिखलात रुतून थांबली. तेलाचा एक डबा फुटला होता, साखर सांडली होती. वन्संचा हात समोर आपटला होता आणि मनगट सुजू लागलं होतं. मला काही झालं नव्हतं. आजोबा दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसले होते आणि पाय अजून ब्रेकवरच होता.

खाचराचा मालक धावत आला. आधी त्यानं आम्ही धड आहोत का ते पाहिलं, मग आपलं भात. मग म्हणाला, "आवं आजोबा, म्या उद्याच्याला इळ्यानं कापनार व्हतो. तुमी गाडीनंच कापनी केली व्हय!" त्याची बायको मागून ओरडली, "अवं, त्या म्हातारीचा हात बगा आदी, तुमचं भात ऱ्हाऊ द्या!" त्यांनी वन्संना बांधावर बसवलं, ओढ्याच्या पाण्यात फडकं भिजवून मनगटाला बांधलं. आजोबा खाली उतरून पुढच्या चाकापाशी वाकले.

तिथं धूर येत होता, फार नाही. आणि वास. तो वास मला आधी ओळखू आला नाही, कारण तो गाडीचा नव्हता. तो स्वयंपाकघराचा होता. कारळ्याची चटणी तव्यावर जरा जास्त भाजली गेली की येतो तसा.

बांधावरून वन्संना तो आला. त्या उठल्या, दुखरा हात छातीशी धरून चिखलातून चाकापर्यंत आल्या आणि वास घेतला.

"माजं तेल," त्या म्हणाल्या. "माजं तेल हाय ह्ये. मीच लावलं रं. मीच तुला मारत व्हते."

"अक्का, गप बस."

"दोन्ही अंगांनी लावलं. चोळून लावलं."

"तेल तू लावलंस. पुसायचं काम माझं होतं."

"मी लावलंच नसतं तर तुला पुसायला लागलं असतं का?"

"लागलं असतं. दुकानातनंच तेलकट येतात त्या. दरवेळी मी पुसतो." एवढं बोलून ते थांबले. मग माझ्याकडे बघून विचारलं, आणि ते ज्या तऱ्हेनं विचारलं ते मी तुम्हाला लिहून सांगू शकत नाही, "पुसलं होतं का गं मी?"

मी म्हटलं, "मी शाळेत होते हो."

त्यांनी मान हलवली. वन्सं रडत होत्या, खाचराचा मालक आपल्या बायकोला हळूच विचारत होता की तेलानं गाडी कशी काय पळते. आजोबा चाकाला हात लावून उभे होते. हळदीकुंकू तेवढं त्यांनी कोरड्या फडक्यानं पुसलं होतं, हे नंतर डिस्क काढल्यावर दिसलं. पेट्रोलचं फडकं लागलंच नव्हतं, ना डाव्या बाजूला ना उजव्या.

गावातल्या लोकांनी ट्रॅक्टर लावून गाडी वर काढली. भाताच्या नुकसानीचं बोलणं निघालं तेव्हा तो मालक म्हणाला, "म्हातारीचा हात बरा हुंदे, मग बगू." वन्संच्या मनगटाचं हाड चिरलं होतं.

घरी आल्यावर आजोबा माझ्याशी नीट बोलले. त्यांना उजवं चाक बसवल्याचं आठवत होतं, डिस्क पुसल्याचं नाही. डावं बसवल्याचं काहीच आठवत नव्हतं. मी शाळेतून आले, गाडीत बसले, पेडल दाबलं, यातलंही काही नाही. ते म्हणाले, "पुसायचं राहिलं असतं तर मी म्हटलं असतं, चुकलो. माणूस चुकतो. पण मला मी तिथं बसलेलोच आठवत नाही." एवढ्या वर्षांत मी त्यांना घाबरलेलं पाहिलं नव्हतं. उतारावरसुद्धा ते घाबरले नव्हते.

कापूरहोळहून नवे पॅड आणले, कारण दसऱ्याला बसवलेल्यांत तेल मुरलं होतं. डिस्क मात्र त्याच ठेवायच्या होत्या, पॉलिश पेपर मारून आणि पुसून. एका सकाळी त्यांनी शेडमध्ये दोन पाट मांडले आणि म्हणाले, "तुम्ही दोघी इथं बसा. मी बोलत बोलत करतो. काही राहिलं तर तिथंच सांगायचं, मनात ठेवायचं नाही."

वन्सं हात गळ्यात बांधून बसल्या. त्यांना त्या कामातलं काहीच कळत नव्हतं, पण त्यांना एक गोष्ट पाठ झाली होती. आजोबांनी नट हातात घेतला, वन्सं म्हणाल्या, "पुसलंस का?" "अक्का, नट पुसत नाहीत." कॅलिपर सुतळीनं बांधला. "पुसलंस का?" "हे पुसायचं नाही, अक्का." डिस्क आली. त्यांनी पेट्रोलचं फडकं घेतलं, एक बाजू, दुसरी बाजू, फडकं बदललं, पुन्हा एकदा. वन्सं पुढे वाकून बघत होत्या. "पुसलंस?"

"पुसलं, अक्का."

"आनि एकदा पूस."

त्यांनी आणखी एकदा पुसलं.

मी गाडीत बसून पेडल दाबलं. या वेळी त्यांनी हजेरी घेतली. सगळं व्यवस्थित झालं होतं, एकही पायरी चुकली नव्हती. त्यांनी गाडी गल्लीच्या टोकापर्यंत नेली, आणली, जोरात ब्रेक मारून पाहिला. गाडी जागच्या जागी थांबली. खाली उतरले, हात धुतले, आणि म्हणाले, "विकून टाकू या."

मी म्हटलं, "अहो, आज तर सगळं बरोबर झालं."

"तुम्ही दोघी समोर होता म्हणून. उतारावर कुणाला विचारू?"

 

मग पुण्याला डॉक्टरकडे गेलो. त्यांनी घड्याळ काढायला सांगितलं, काही शब्द लक्षात ठेवायला सांगितले. त्या आजाराचं नाव तुम्हाला माहीत आहे. डॉक्टर बोलत होते तेव्हा आजोबांच्या चेहऱ्यावर फारसं आश्चर्य नव्हतं. जे विचारायची भीती होती ते त्यांना त्या खाचरातच कळलं होतं.

गाडी कापूरहोळजवळच्या वस्तीतल्या एका मुसलमान ड्रायव्हरनं घेतली. आजोबांना तो काका म्हणायचा आणि बरीच वर्षं त्यांच्याबरोबर माल वाहत होता. गाडी नेताना म्हणाला, "काका, ब्रेकचं काम काढलं की इथंच आणतो. तुम्ही खुर्चीवर बसून बघा." आणि त्यानं ते पाळलं. दर दसऱ्याला तो गाडी धुऊन दारात आणायचा, वन्सं तिच्या बॉनेटला हळदीकुंकू लावायच्या, तेल मात्र नाही. दोनतीन वर्षांनी एका दसऱ्याला आजोबांनी त्याला विचारलं, "छान ठेवलीय. कुणाची गाडी?"

तो म्हणाला, "तुमचीच काका."

"असं?" आजोबा म्हणाले, आणि खूश होऊन गाडीभोवती एक चक्कर मारून आले.

पण मला तुम्हाला सांगायचं होतं ते पुढचं. आजोबांचा आजार दुसऱ्या कशामुळे झाला होता, तेलाशी त्याचा काही संबंध नव्हता. हे मी वन्संना सांगितलं, तुमच्या बाबांनी सांगितलं, डॉक्टरांनीही सांगितलं. त्या मान डोलवायच्या. पण त्यांच्या मनात एकच क्रम पक्का बसला होता. आपण तेल लावलं, गाडी गेली, मग भावाचं डोकं गेलं. त्यामुळे त्या आजोबांकडे क्षमा मागायच्या. पहिल्या वर्षी ते द्यायचे. "अक्का, तुझं काही चुकलं नाही गं. माझंच पुसायचं राहिलं." त्यानं त्यांना थोडे दिवस बरं वाटायचं.

नंतर आजोबांना तो दिवसच आठवेनासा झाला. त्या जवळ बसून म्हणायच्या, "बाबा, माज्या तेलानं झालं रं सगळं." ते विचारायचे, "कसलं तेल?" त्या पहिल्यापासून सांगायच्या, खंडेनवमी, पाट, कारळ्याचं तेल, उतार. ते लक्ष देऊन ऐकायचे, गोष्ट दुसऱ्या कुणाची असावी तसं, आणि शेवटी विचारायचे, "मग त्या माणसाला लागलं का फार?" त्या म्हणायच्या, "न्हाई." ते म्हणायचे, "मग कशाला रडतेस?" आणि त्यांचा हात धरायचे, तो न चिरलेला हात, कारण दुसरा थंडीत दुखायचा. एवढं मात्र ते शेवटपर्यंत विसरले नाहीत, कोणता हात धरायचा ते. त्यांना कारण माहीत नव्हतं.

मी एकदा वन्संना म्हटलं, "वन्सं, त्यांनी तर कधीच माफ केलंय तुम्हाला."

त्या म्हणाल्या, "केलं असंल. पन ज्यानं केलं त्याला ठावं न्हाई, मग मी काय धरून ऱ्हाऊ?"

त्या आजोबांच्या आधी गेल्या. आम्ही त्यांना नेलं तेव्हा आजोबा ओट्यावर बसून होते. "कोण गेलं?" असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ते बराच वेळ रडले, अगदी लहान मुलासारखे. संध्याकाळी पुन्हा विचारलं, "अक्का कुठाय?" पुन्हा सांगितलं, पुन्हा रडले. तिसऱ्या दिवसापासून मी सांगायचं सोडलं. "वेल्ह्याला गेल्यात, कापणीला" असं म्हणू लागले. ते म्हणायचे, "बरं. मनगटाला जपायला सांग."

दोन वर्षांनी तेही गेले.

वेल्ह्याच्या त्या उतारावर आता रस्ता रुंद झाला आहे आणि मोरीच्या जागी पूल आहे. ते खाचर अजून भाताचं आहे. त्याचा मालक अजून शेती करतो, पण आमची गाडी कोणत्या वर्षी आली होती ते त्याला नक्की सांगता येत नाही. त्या दिवशी गाडीत बसलेल्या तिघांपैकी मी उरले आहे, आणि ते सगळं मला अजून आठवतं.